स्थानिक शाळेतून बारावी

वैशाली,

काउंटरवरचा माणूस अरबीत काहीतरी म्हणाला आणि मी सवयीनं डावीकडे वळलो. सरकारी काउंटरवर तू नेहमी माझ्या डाव्या हाताला उभी असायचीस. विजेचं बिल असो, ऋजुताची लस असो, गाडीचं रजिस्ट्रेशन असो, कागद मी पुढे करायचो आणि बोलायचीस तू. इतकी वर्षं इथे राहून मी अरबी शिकलो नाही, कारण मला कधी गरजच पडली नाही. या वेळी डावीकडे ऋजुता होती. तिची अरबी शाळेतली आहे, तुझ्यासारखी गल्लीत खेळून आलेली नाही. तिनं त्या माणसाला परत बोलायला लावलं, मग मला म्हणाली, "बाबा, ही वॉन्ट्स द प्लेस ऑफ बर्थ."

मी या शहराचं नाव सांगितलं. त्यानं ते टाइप केलं. मग मृत्यू कुठे झाला ते विचारलं. मी पुन्हा तेच नाव सांगितलं. त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. तो इंग्रजीत म्हणाला, "नो, नो. बर्थ?"

"सेम प्लेस," मी म्हणालो.

त्यानं तुझा निळा भारतीय पासपोर्ट उघडून पाहिला, बोटानं ओळ शोधली, मान हलवली आणि शिक्का मारला. मग त्यानं ऋजुताला टिश्यूचा डबा दिला. तिला नको होता, तरी तिनं एक घेतला. मी बाजूच्या भिंतीवरचं टोकन नंबरांचं मशीन बघत होतो. मला काहीही वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही, हे तुला सांगायला हरकत नाही. डोंबिवलीहून दादा रोज फोन करतो आणि विचारतो, मोकळा झालास का रे, रडलास का. मी हो म्हणतो. खरं तर मी ऑफिसला गेलो, शिपमेंटची कागदपत्रं तपासली, दुसऱ्याची एक चूकही पकडली, आणि डबा खाऊन घरी आलो. दात ठणकत असताना डेंटिस्ट इंजेक्शन देतो, मग ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं आहे.

तू मला पहिल्यांदा भेटलीस ती तुझ्या घरीच, याच शहरात, आप्पांच्या दोन खोल्यांच्या जागेत. मला मुंबईहून इथे येऊन वर्षच झालं होतं आणि मंडळाच्या गणपतीत कुणीतरी आपली गाठ घालून द्यायचं ठरवलं होतं. आप्पा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं काम करायचे. हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहायचं, म्हणून पोहे द्यायला ते स्वतः आले नाहीत, तुला पाठवलं. तू बशी ठेवलीस आणि मलाच प्रश्न विचारलास. "तुम्ही इथे किती वर्षं राहणार आहात?"

"चार-पाच," मी म्हणालो.

तू आप्पांकडे बघून हसलीस. ते पण हसले. तेव्हा मला ते हसणं कळलं नाही. इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो, आणि तू लहानपणापासून अशा माणसांचे वीस-वीस वर्षांनी होणारे सेंड-ऑफ पाहत आली होतीस.

तू बारावी झालीस त्या वर्षी आप्पा काम करायचे ते गॅरेज दुसऱ्याच्या हातात गेलं आणि त्यांचा पगार कमी झाला. तुला सायन्सला चांगले मार्क होते. शाळेतल्या बाई घरी येऊन सांगून गेल्या, हिला पुढं शिकवा. पण शिकवायचं कुठं? इथलं सरकारी शिक्षण इथल्या नागरिकांसाठी. खासगी कॉलेज आप्पांच्या आवाक्यातलं नव्हतं. उरलं भारतातलं हॉस्टेल. तुला भारत माहीत होता तो गुहागरजवळच्या गावी मे महिन्यात घालवलेल्या सुट्ट्यांपुरता. तू नाही म्हणालीस. आप्पा म्हणाले, "मग खलास." तू एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागलीस. ही गोष्ट तू मला लग्नानंतर एकदाच सांगितलीस, भाजी निवडताना, कुणा दुसऱ्याबद्दल सांगावी तशी. फक्त एक गोष्ट जास्तीची सांगितलीस. तुझ्या टेबलासमोरच लॅबचं दार होतं. लोक नमुन्याची बाटली तुझ्याकडे द्यायचे, तू लेबल लावायचीस आणि एका छोट्या खिडकीतून आत सरकवायचीस. आत काय होतं ते तू इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतंस. बाहेरच्यांना आत जायची परवानगी नव्हती.

मग बलदियाचं कॉलेज निघालं.

बलदिया म्हणजे इथली नगरपालिका, पण आपल्यातला कुणीही तिला नगरपालिका म्हणत नाही. शहराच्या पैशानं चालणारं दोन वर्षांचं कॉलेज, फी नाही, आणि प्रवेश स्थानिक शाळांतून बारावी झालेल्यांना. ऋजुता तेव्हा अकरावीत होती. तू ती जाहिरात तिच्यासाठी वाचत होतीस असं मला वाटलं. मी चहा पीत म्हणालो, "लोकल लिहिलंय ना? मग ते आपल्यासाठी नाही." इथे लोकल म्हणजे इथले अरब नागरिक, हे आपल्याकडे पोरंसुद्धा जाणतात.

"नीट वाच," तू फोन माझ्यापुढे धरलास. "लोकल माणूस म्हटलेलं नाही. लोकल शाळा म्हटलंय."

"बरं. पण ऋजुता पुण्याला जाणार आहे."

"ऋजुताचं नाही बोलत मी," तू म्हणालीस. "वयाची अट कुठं आहे, शोधून दाखव."

मी शोधली. नव्हती. बहुधा कुणाला सुचलंच नसेल की चाळिशी ओलांडलेली बाई येईल. तू प्रवेश घ्यायला गेलीस तेव्हा मी सोबत होतो. काउंटरवरच्या अबाया घातलेल्या मुलीनं विचारलं, मुलगी कुठाय? तू अरबीत काहीतरी म्हणालीस. तिनं आतून दुसरीला बोलावलं. दोघींनी स्क्रीनवर खूप वेळ काहीतरी शोधलं, एकमेकींकडे पाहिलं, मग मोठी म्हणाली, "यल्ला, चला, बसा." बाहेर आल्यावर मी विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना? तू म्हणालीस, "मी म्हटलं, मीच ती मुलगी. जरा उशीर झालाय."

तू अन्न आणि पाणी तपासणीचा डिप्लोमा घेतलास. क्लिनिकची नोकरी अर्धवेळ केलीस. क्लासमध्ये सगळी अठरा-एकोणीसची पोरं. आठवडाभर ती तुला आंटी म्हणत होती. मग डॉक्टर इस्माईल, तुमचे सुदानी सर, म्हणाले की लॅबमध्ये आंटी नाही आणि अंकल नाही, इथे फक्त नावं. तुझं नाव त्यांना म्हणता येईना. इजिप्तची पोरं 'फैशाली' म्हणायची. तू घरी येऊन त्यांची नक्कल करायचीस. ऋजुताला आधी लाज वाटायची. "आई, प्लीज, डोन्ट टेल माय फ्रेंड्स." मग एके दिवशी तुला लॉगॅरिदम अडलं आणि तिनं शिकवलं. त्यानंतर डायनिंग टेबल तुम्हा दोघींचं झालं. मी ताट घेऊन सोफ्यावर. तुम्ही दोघी एका दिव्यासाठी भांडायचात, तू मराठीत आणि ती इंग्रजीत.

माझ्या डब्याची गोष्ट मी ऑफिसात अजून कुणाला सांगितलेली नाही. तू एकदा माझ्या डब्याच्या झाकणातल्या रबरी रिंगेवरून कापसाची काडी फिरवलीस आणि ती कॉलेजला घेऊन गेलीस. दोन-तीन दिवसांनी फोनवर फोटो आला. काचेच्या बशीत पिवळे, पांढरे, एक चक्क गुलाबी, असे ठिपके दाटीवाटीनं उगवलेले. खाली तू लिहिलं होतंस, 'तुझा डबा. वर्गात पहिला आलास.' मी घरी येऊन म्हटलं, इतकी वर्षं याच डब्यात जेवतोय, मला काय झालं? तू डॉक्टर इस्माईलांच्या आवाजात म्हणालीस, "दॅट इज नॉट सायन्स, मिस्टर मिलिंद." तू इतकी हसत होतीस की पोळी करपली. तुझं ते हसणं मी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. मला तेव्हा कळलं की मधली काही वर्षं ते बंद होतं, आणि ते बंद आहे हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्याबद्दल मी तुझ्या कॉलेजचा ऋणी आहे. हे तुला कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू तो मुद्दा वादात वापरला असतास.

वाद कुठला ते सांगायला नको. आपण तळेगावला फ्लॅट घेतला, तेव्हापासून तो चालू आहे. मी म्हणायचो, आज ना उद्या परत जायचंच आहे. माझी नोकरी आहे तोवर व्हिसा, नोकरी संपली की बॅगा. मग इथल्या बलदियाच्या डिप्लोमाला तळेगावात कोण विचारणार? तू म्हणायचीस, मी तळेगावात काय करू? मी म्हणायचो, सगळे जे करतात ते. तू म्हणायचीस, सगळे परत जातात, मी पहिल्यांदा जाईन. एकदा शेजारच्या शहरात, ऊद मेथाला, ऋजुताच्या आंतरशालेय कार्यक्रमाला गेलो होतो, परत येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तिथे हे फार चिघळलं. मी म्हणालो, "कितीही झालं तरी इथे आपण पाहुणे आहोत, वैशू."

तू शांतपणे विचारलंस, "मग मी कुठं पाहुणी नाही, तेवढं सांग."

पुढची गाडी सरकली आणि मी पण गाडी पुढे घेतली. व्हिसाचं जे मी म्हणत होतो ते बरोबरच होतं, ते आजही खरं आहे. तू गेलीस म्हणून माझा मुद्दा खोटा ठरला नाही. तुझाही नाही. दोन्ही तसेच राहिलेत आणि मधला माणूस उठून गेलाय.

त्या दिवशी सकाळी मी तुला कॉलेजला सोडलं. तुमचं फील्डवर्क चालू होतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेला लोकांनी पुण्य म्हणून लावलेले थंड पाण्याचे कूलर असतात, त्यातला एकेक प्रत्येकाला तपासायला दिला होता. तू आदल्या दिवशी राउंडअबाउटजवळच्या कूलरचं पाणी घेऊन आली होतीस, आणि सकाळी त्याच्या प्लेट, म्हणजे जंतू उगवतात का ते बघायच्या काचेच्या बशा, लावायच्या होत्या. गाडीत आपण पुन्हा ऋजुतावर आलो. मी म्हणालो, पुण्याचे फॉर्म निघतील आता. तू म्हणालीस, तिला ठरवू दे. उतरून दार लावता लावता तू वाकून म्हणालीस, "आणि तुझ्या तळेगावच्या सोसायटीचं बोअरचं पाणी आधी मी तपासणार. मग ठरवू." मागची गाडी हॉर्न देत होती. मी हात केला आणि निघालो.

दुपारी डॉक्टर इस्माईलांचा फोन आला. तू प्लेट लावून झाल्यावर हातमोजे काढलेस, डोकं फार दुखतंय म्हणालीस आणि भिंतीला टेकून खाली बसलीस. त्यांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. मी पोचलो तेव्हा तुला मशीनवर ठेवलं होतं. डॉक्टरनं मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं सांगितलं. ती बहुधा जन्मापासूनच कमजोर असावी, आधी कळण्यासारखं काही नव्हतं, कुणाचं चुकलं नाही. तो मल्याळी होता, हिंदीत बोलत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता. मी प्रत्येक वाक्यानंतर 'ओके' म्हणत होतो. ऋजुता शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आली. तिनं तुझ्या कानापाशी जाऊन मराठीत काहीतरी सांगितलं. ती तुझ्याशी सलग मराठीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

मग दादाचे फोन सुरू झाले. बॉडी इकडे आण, सगळं व्यवस्थित विधिवत करू, खर्चाचं बघू, तू फक्त पाठव. तो प्रेमानंच बोलत होता. बॉडी म्हणत होता याचंही मला वाईट वाटलं नाही. इथे सगळे तेच म्हणत होते. कंपनीतला माणूस कार्गोची चौकशी करायला तयार होता. मी रोज कार्गोचेच कागद करतो, त्यामुळे काय काय लागेल हे मला विचारायची गरज नव्हती. मी यादी करायला सुरुवातही केली होती. ऋजुतानं माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिला.

"बाबा, कुठे पाठवताय?"

"घरी."

"विच होम?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "शी डझन्ट नो एनीवन देअर."

मी म्हणालो, आप्पांना विचारू. ते आता गावीच असतात, एकटे. त्यांना बातमी आधीच कळली होती. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे कोंबडा ओरडत होता. मी विचारलं, "आप्पा, तिला तिकडे आणू का? तुम्ही म्हणाल तसं."

ते म्हणाले, "इकडं आणून दाखवू कोणाला? तिला ओळखणारा इथं मी एकटा. तिची शाळा तिकडं, मैत्रिणी तिकडं. तिकडंच कर." मग त्यांनी विचारलं, "कॉलेज पुरं झालं होतं काय रे तिचं?"

"नाही, आप्पा. एक सेमिस्टर राहिलं."

"बरं," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, "बरं."

दादा रागावला. दोन दिवस फोन केला नाही, मग पुन्हा करू लागला. मी त्याला काही समजावलं नाही. इथल्या स्मशानभूमीत ठरलेल्या वेळेला जावं लागतं, ऑफिसच्या मीटिंगसारखं. आम्ही वेळेआधी पोचलो. माझ्या ऑफिसातले चौघे, तुझ्या क्लिनिकमधल्या बायका, मंडळातली काही घरं. शेवटचं सगळं ऋजुतानं केलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं. गाड्या लावतात तिथे, उन्हात, डॉक्टर इस्माईल आणि तुझ्या वर्गातली मुलं उभी होती. आत यायचं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. कुणी बोलावलंही नाही, कारण बोलावायचं असतं हे मला सुचलं नाही. ते सगळे पूर्ण वेळ तिथेच उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात ती मुलं घरी आली. दारात चपला-बुटांचा ढीग झाला. हम्दा आली होती, तुझी लॅबमधली जोडीदार, तुझ्या भाषेत 'आपली लोकल'. सोफ्यावर जागा असून सगळे खालीच बसले. ऋजुतानं चहा केला. मी विचारलं, परीक्षा कधी आहे? सगळ्यांनी एकदम तारीख सांगितली आणि एकदमच कप उचलले. महनूर नावाची मुलगी म्हणाली, "अंकल, वो हमको रोज डांटती थीं. हँड वॉश करो, हँड वॉश करो." एकजण हसला, मग त्याला वाटलं हसायला नको होतं, आणि तो कपाकडे बघत राहिला. मी म्हणालो, मला पण. तेव्हा जरा सगळ्यांनीच श्वास सोडला.

निघताना हम्दा मागे थांबली. तिला मला काहीतरी सांगायचं होतं पण तिचं इंग्रजी अडखळत होतं. ती अरबीत ऋजुताशी बोलली. या वेळी ऋजुताला सगळं समजलं.

तू त्या सकाळी लावलेल्या प्लेट लॅबमधल्या गरम कपाटात तशाच होत्या. तू हॉस्पिटलात असताना आणि नंतरही. ठरलेल्या वेळेला त्या काढून वाचाव्या लागतात, नाहीतर नमुना वाया जातो. डॉक्टर इस्माईल म्हणाले होते की टाकून देऊ, कुणीतरी पुन्हा पाणी आणेल. हम्दा नाही म्हणाली. तू गेलीस त्या संध्याकाळी ती लॅबमध्ये गेली, प्लेट काढल्या आणि दिव्याखाली धरून एकेक तपासली. तिनं सांगितलं की ती रडत होती, त्यामुळे तिला स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून तिनं सरांना पण बघायला लावलं.

"काय निघालं?" मी विचारलं.

हम्दानं माझ्याकडे बघून स्वतःच इंग्रजीत सांगितलं. "नथिंग, अंकल. नो ग्रोथ." काहीच उगवलं नव्हतं. मग तिला वाटलं मी चुकीचा अर्थ घेईन. तिनं घाईनं हात हलवले. "इट इज गुड. वॉटर इज क्लीन. नथिंग इज द बेस्ट रिझल्ट."

सरांनी विचारलं होतं, रिपोर्टवर नाव कुणाचं घालायचं. तुझं घालायला माझी हरकत नाही ना. पाणी घेणारी तू, प्लेट लावणारी तू, हम्दानं फक्त वाचलं. मी म्हणालो, घाला. तो रिपोर्ट बलदियाकडे गेला आहे. तुझं आडनाव चुकलंय, एक अक्षर जास्त पडलंय, पण राहू दे.

शुक्रवारी दुपारी ऋजुता म्हणाली, "बाबा, मला तो कूलर बघायचाय." मराठीत म्हणाली. आम्ही गाडी काढली. राउंडअबाउटच्या पुढे, टायरच्या दुकानांच्या रांगेपाशी, एका भिंतीला लागून तो उभा आहे. स्टीलचा, तीन नळांचा, वर पत्र्याचं छोटं छप्पर, साखळीला बांधलेला पेला. मी काय पाहायला आलो होतो ते मला सांगता येणार नाही. पाण्याचा कूलर होता, दुसरं काही नव्हतं. ऊन फार होतं. ऋजुता पेला न घेता ओंजळीनं पाणी प्यायली, मग मी प्यायलो. ती गाडीत जाऊन बसली, मी जरा उभा राहिलो.

निळ्या कव्हरऑलमधला एक माणूस मोठी बाटली घेऊन आला. आपल्याकडचा असावा, किंवा बिहारचा. त्यानं नळाखाली बाटली धरली. माझ्या तोंडून निघून गेलं, "पी लो, पानी अच्छा है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मालूम है साब. रोज पीता हूँ."

"नहीं, मतलब, चेक हुआ है," मी म्हणालो. "मेरी वाइफ ने चेक किया है. वो बलदिया के कॉलेज में है."

'है' म्हणालो. ते माझ्या लक्षात आलं, पण दुरुस्त करावं असं वाटलं नाही. त्याची बाटली भरत आली होती. त्यानं झाकण लावलं, कूलरकडे एकदा नीट बघितलं, जणू त्याला आत्ताच कळलं की हे कुणीतरी तपासतं.

"अच्छा," तो म्हणाला. "मैडम को शुक्रिया बोलना."

मी म्हणालो, बोलता हूँ.

तर एवढंच सांगायचं होतं, वैशू.